स्वतःचं कापड

यंदाच्या ईदला नमाजनंतर गळाभेटी चालू होत्या. माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका मित्राने माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली आणि विचारलं, "झकास आहे. कुठून घेतला?"

"घेतला नाही, शिवला."

"कोणाकडे?"

"घरी. मीच."

तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर जरा गोंधळला आणि म्हणाला, "का? वहिनींना शिवता येत नाही का?" शेजारी उभे असलेले एक बुजुर्ग आमच्या सोलापुरी दखनीत म्हणाले, "क्या मास्तर, पगार पुरता नै क्या?"

दोन्ही प्रश्नांवर सगळेच हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिले. शिवणकाम एकतर बायकांनी करायचं, नाहीतर गरजेपोटी करायचं, असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. बी.एड. झालेला, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवणारा, पन्नाशीकडे निघालेला माणूस रविवारी मशीनवर बसतो म्हणजे घरात काहीतरी बिनसलेलं असणार!

घरात काही बिनसलेलं नाही. बायकोला शिवणाची आवड नाही आणि पगार वेळेवर होतो. मी हौस म्हणून माझे कपडे शिवतो. मात्र 'हौस' हा शब्द आमच्या घरात इतक्या सहजासहजी उच्चारता येत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझे अब्बा दर्जी होते. सोलापुरात भाड्याचा एक छोटा गाळा, दोन मशीन, कपडे कापायचं एक लाकडी टेबल आणि कोपऱ्यात कोळशाची इस्त्री. त्या गाळ्यात मी लहानपणी तासन्‌तास बसायचो, पण मशीनच्या बाजूला नव्हे. अब्बांनी मला टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर जागा दिली होती. तिथे बसून मी पाढे म्हणायचो. कधी हात चाकाकडे गेलाच तर ते ओरडायचे, "मशीन कू हात नको लगा. हात कू हुनर लग्या तो किताब छूट जाती."

तेव्हा मला ते जुलमी वाटायचे. आता कळतं की ते घाबरलेले होते. त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येक दर्ज्याच्या मुलाचं तेच झालेलं त्यांनी पाहिलं होतं. आधी काज-बटण, मग तुरपाई, मग सुट्टीपुरती पायजम्याची शिलाई, आणि दहावीच्या आसपास एक दिवस मशीनसमोरची कायमची खुर्ची. अभ्यासात मी मागे पडलो की त्यांचं एकच वाक्य असे, "नै पढ्या तो मशीन हैच." शाळेत नापास होण्याची शिक्षा म्हणून मशीन उभी असायची.

रमजानमध्ये पंधराव्या रोज्याच्या सुमारास गाळ्यावर 'ऑर्डर बंद' अशी पाटी लागायची आणि त्यानंतरही ओळखीचे लोक कापड टाकून जायचे. चाँदरातीला अब्बा घरी येतच नसत. गिऱ्हाइकांचे कपडे एकेक करून निघून जायचे. आमचे कपडे सगळ्यात शेवटी शिवले जायचे. फजरनंतर ते घरी येत, डोळे लाल, बोटाला चिंधी गुंडाळलेली. एका वर्षी माझ्या कुर्त्याला बटणं लावायला वेळच उरला नव्हता. अम्मीने सेफ्टी पिन लावल्या आणि ईदगाहच्या रस्त्यावर मी एका हाताने गळा धरून चाललो. गावभरच्या मुलांच्या अंगावर अब्बांचं काम होतं, फक्त माझ्या अंगावर ते अर्धवट होतं.

शिवणयंत्राच्या जन्माची एक गोष्ट मी पुढे कधीतरी वाचली. 1830 साली फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि सैनिकांचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. आपलं पोट जाणार या भीतीने दुसऱ्या शिंप्यांनी त्या कारखान्यावर चाल करून यंत्रं मोडून टाकली. अब्बांचं पोट मात्र त्याच यंत्रावर चाललं. त्यांचं काम हिरावलं ते रेडिमेड कपड्यांनी. नव्वदच्या दशकात हळूहळू गिऱ्हाइकं फक्त पँटची लांबी कमी करायला आणि चेन बदलायला येऊ लागली. आधी एक मशीन विकली गेली, मग गाळा सुटला. उरलेली काळी पायमशीन घरी आली.

त्या मशीनवर बसली आपा.

आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मशीनला हात न लावण्याचा नियम तिला लागू नव्हता. मुलीच्या हाताला हुनर लागलेला चांगलाच, असं सगळ्यांचं मत होतं. तिची किताब सुटली तरी कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. सातवीनंतर ती घरी बसली. सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहे, पण शहरात शाळेचे गणवेश शिवण्याचंही मोठं काम चालतं. कापलेले भाग गठ्ठ्याने घरी यायचे आणि शिवून परत जायचे. पैसे नगावर. कॉलर, कफ, स्कर्टच्या प्लेटा. मी बी.एड. करत होतो तेव्हा अब्बांची नजर गेली होती. त्या वर्षाच्या फीमध्ये, माझ्या खोलीच्या भाड्यात आणि पुस्तकांत आपाच्या किती प्लेटा होत्या, हे मी कधी विचारलं नाही. ज्या शाळांचे गणवेश तिने शिवले, त्यातल्याच एखाद्या शाळेसारख्या शाळेत मी शिक्षक झालो.

अब्बा गेल्यावर मशीन माझ्याकडे आली. आपाकडे तोवर मोटरची मशीन होती. मी काळ्या मशीनचं डोकं आत दुमडलं, वर चादर टाकली आणि तपासायच्या वह्या त्यावर ठेवू लागलो. बरीच वर्षं ती माझं टेबल होती.

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत रमजान आला. दुकानं बंद, शाळा मोबाइलवर, नमाज घरात. घरात अडीच मीटर पांढरं सुती कापड पडून होतं. कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून मिळालेलं. ईद 25 मेला होती आणि माझ्याकडे वेळच वेळ होता. एका दुपारी मी वह्या उचलल्या, चादर काढली आणि मशीनचं डोकं वर काढलं. बेचाळीस वर्षांचा असूनही हात चाकावर ठेवताना क्षणभर मागे वळून पाहिलं, अब्बा ओरडतील की काय म्हणून.

दोऱ्याचा पहिलाच गुंता सुटेना, तेव्हा आपाला फोन लावला.

"चाक कुठल्या बाजूला फिरतंय?" तिने विचारलं.

"कुठल्या म्हणजे?"

"तुझ्याकडे फिरलं पाहिजे. पलीकडे गेलं की दोरा तुटणार. आधी हाताने चाक आपल्याकडे ओढायचं, मग पाय."

ऐकायला सोपं आहे. पायमशीनवर पहिल्यांदा बसलेल्या माणसाला विचारा. पाय एक सांगतो, चाक दुसरंच करतं. दोन दिवस मी नुसता पाय मारत होतो, पट्टा काढून, मग पट्टा लावून. मग आपाने पुढचा धडा दिला. सुईत दोरा न घालता वहीच्या पानावर शिवायचं. आखलेल्या ओळीवरून सुई गेली पाहिजे. माझ्याकडे वह्यांना काय तोटा! दुरेघी वहीच्या पानांवर मी भोकांच्या ओळी पाडत बसलो. पहिलीतलं पोर अक्षर गिरवताना ओळीबाहेर जातं तशी माझी सुई जायची. इतकी वर्षं मुलांना 'ओळीत लिही' म्हणून रागावत होतो. त्या आठवड्यात रागावायचं सोडून दिलं.

आपाच्या शिकवण्यात सिद्धान्त नव्हता, फक्त काय कर आणि काय करू नको. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आखडेल. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई. टाक्याच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर खालची बॉबिन उघडू नको, दोष वरच्या दोऱ्याच्या ताणात आहे. उभा धागा आणि आडवा धागा ओळख. कापड आडव्याने जास्त ताणलं जातं, कुर्त्याची लांबी उभ्यावर घे. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावायचे, उद्दिष्टं, पायऱ्या, मूल्यमापन. आपाने असलं काही न लिहिता मला फोनवर शिवण शिकवलं. माझ्याच चुकीच्या आवाजावरून तिला चूक कळायची. "थांब," ती फोनवरून म्हणायची, "खडखड येतंय. सुई वाकलीय तुझी."

मग मी कापड बेतायला घेतलं. मराठीतलं हे क्रियापद मला फार आवडतं. बेत करतो तो बेतच कापडालाही लावायचा. माझा बेत उत्तम होता. गळा मात्र चुकला. आपाने बजावलं होतं की गळा शेवटी काप आणि हवा त्यापेक्षा कमीच काप. मी टेपने मानेचं माप घेतलं, ते दुमडलेल्या कापडावर पूर्णच्या पूर्ण आखलं आणि कात्री चालवली. कापड उलगडलं तर गळा दुप्पट! अंगावर चढवला तर कुर्ता दोन्ही खांद्यांवरून घसरून कोपरापर्यंत आला. मुलगी हसून लोटपोट झाली. मीही इतका हसलो की रोज्यात घसा सुकला.

तसाच हसत मी आपाला फोन केला. सगळं सांगितलं. ती हसली नाही. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुझं कापड होतं म्हणून हसतोयस."

तेव्हा मला सफारी सूट आठवला.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका गिऱ्हाइकाने लग्नासाठी सफारीचं कापड दिलं होतं, महागाचं. अब्बांनी मापाच्या वहीत दुसऱ्याच्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पँट तीन इंच आखूड कापली. ते रात्री घरी आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच कापड शोधून स्वतःच्या पैशाने आणलं, शिवून दिलं, शिलाई घेतली नाही. त्या ईदला आम्हा कोणालाच नवे कपडे झाले नाहीत. आखूड कापलेल्या पँटच्या कापडातून अम्मीने माझ्यासाठी शाळेची पिशवी शिवली. ती मी दोन वर्षं वापरली. मला पिशवी आवडायची. अब्बा तिच्याकडे बघायचे नाहीत.

अब्बांच्या हाताखाली आयुष्यभर दुसऱ्याचं कापड होतं. आपाच्या हाताखाली आजही दुसऱ्याचंच आहे. एक गठ्ठा बिघडला तर तिचे पैसे कापले जातात. माझ्या हाताखाली माझं कापड आहे. शिवणाची हौस म्हणजे नेमकं काय, याचं याहून खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. चूक करायची आणि हसायची मुभा. ही मुभा मला पगाराने दिली, आणि पगार मला कोणाच्या प्लेटांनी दिला ते वर सांगितलंच आहे.

तो कुर्ता मी टाकला नाही. गळ्याला आतून रुंद पट्टी लावली, वर कॉलर चढवली आणि ईदला घरातल्या घरात नमाजला घातला. जवळून पाहायला कोणी येणार नव्हतं, ते बरंच झालं.

तेव्हापासून आठ-दहा कुर्ते झाले, पायजमे झाले, मुलीचे दोन फ्रॉक झाले. हे काम स्वस्त पडतं असा दावा मी करणार नाही. कापड, दोरा, बटणं आणि चिकट अस्तर धरून रेडिमेडच्या जवळपास जातं आणि माझे दोन रविवार वर. आपा तेवढा कुर्ता दोन तासांत उतरवते. मग मिळतं काय?

एक तर स्वतःच्या शरीराची ओळख. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, हे मला पंचेचाळिशीत टेपने सांगितलं. इतकी वर्षं एकाच खांद्यावर वह्यांची पिशवी! रेडिमेड कपडा सगळ्या माणसांना पाच-सहा मापांत बसवतो आणि त्यात बसलो नाही तर आपल्यालाच आपण बेढब वाटतो. आता माझ्या कुर्त्याचा डावा खांदा मी थोडा उतरता कापतो. खिसा मला हवा तिथे, खडू आणि मोबाइल वेगवेगळे राहतील इतका.

दुसरं म्हणजे जुन्या लोकांच्या अकलेचा अंदाज. कळीदार कुर्ता कापायला शिकलो तेव्हा मी थक्क झालो. छाती-पाठीचा एक लांब आयत, बाह्यांचे दोन आयत, बाजूच्या चार कळ्या आणि काखेत दोन छोटे चौकोन, त्यांना चौबगला म्हणतात. आयताकृती तुकडा तिरका कापला की दोन कळ्या निघतात, एकीचं डोकं वर तर दुसरीचं खाली. गळ्याचा तुकडा सोडला तर जवळपास काहीच वाया जात नाही. काखेतल्या त्या चौकोनामुळे तकबीरला हात वर केले तरी कुर्ता वर ओढला जात नाही, आणि कळ्यांच्या घेरामुळे सजद्यात गुडघे अडकत नाहीत. नववीच्या भूमितीत एवढी मजा असते हे मला कोणी सांगितलं असतं तर!

तिसरं, भाषेच्या मास्तराला मिळालेला खाऊ. शिवणाच्या डब्यात जितक्या भाषा एकत्र नांदतात तितक्या आमच्या स्टाफरूममध्येही नांदत नाहीत. सुई संस्कृतातल्या सूचीवरून आली. अस्तर, खिसा, अस्तनी फारसीतून. सदऱ्यातला 'सद्र' म्हणजे अरबीत छाती. कैची तुर्की. इस्त्री पोर्तुगीज, आणि बटणाचं काजही पोर्तुगीज, त्यांच्या 'कासा' म्हणजे घर या शब्दावरून. बटणाचं घर! वर्गात मी मुलांना अस्तनी आणि आस्तीन फळ्यावर शेजारी लिहून दाखवतो. बाही एकच. मराठीत दगाबाज माणूस अस्तनीतला निखारा असतो आणि उर्दूत आस्तीनचा साँप. एका मुलाने विचारलं, "सर, बाही इतकी धोक्याची आहे तर हाफ शर्ट घालावा का?"

त्याच वर्गात कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना बटण लावायला शिकवलं. मुलगे, मुली, सगळ्यांना. कापड आणि बटण यांच्या मध्ये काडी धरायची म्हणजे टाका ढिला राहतो, शेवटी दोऱ्याचे वेढे घालून मान तयार करायची. मुलं रंगून गेली. दुसऱ्या दिवशी एक पालक आले. अदबीनेच बोलले, "सर, मुलाला शिकायला पाठवतो. दर्जी बनवायचा नाही त्याला." मी त्यांना समजावू शकलो असतो. पण त्यांच्या आवाजात मला अब्बांचा आवाज ऐकू आला आणि मी गप्प बसलो. ते स्वतः काय करतात, हे मी नंतर चौकशी करून घेतलं. शिलाईचंच काम करतात.

त्यांना मी काय सांगणार होतो? आमचे पैगंबर स्वतःचे कपडे स्वतः टाचत आणि पादत्राणं दुरुस्त करत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलं आहे आणि आम्ही ते लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडे दर्जी लोक आपलं नातं हजरत इद्रीस यांच्याशी जोडतात. मी मराठीच्या तासाला संत नामदेव शिकवतो. शिंप्याच्या घरात 1270 मध्ये जन्मले आणि त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या नामदेव पायरीवर लोक डोकं टेकतात. सुईची इज्जत आपल्या दोन्ही परंपरांत आहे. पण ती ग्रंथांत आहे. गल्लीत सुईला नगावर दर मिळतो आणि तो ठरवायला सुई धरणाऱ्याला कोणी बोलावत नाही.

हे मला कळलं ते एका फोटोमुळे. गेल्या वर्षी एक निळा कुर्ता फार नीट जमला. कॉलर बसली, पट्टी सरळ आली. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'स्वतः शिवलेला.' माशाअल्लाहचा पाऊस पडला. भाचे, चुलते, दुबईचा मामेभाऊ. 'सर, तुम्ही तर कलाकार निघालात.' मी सुखावून प्रत्येकाला उत्तर देत होतो. रात्री उशिरा आपाचा मेसेज आला. 'छान. उजव्या बाहीला एक सुरकुती आहे. माझ्याकडे ये, दिवसाला चाळीस कॉलर लाव, मग सुरकुती येणार नाही.' शेवटी हसरा चेहरा होता.

मी तो मेसेज बराच वेळ बघत राहिलो. तीस वर्षं झाली तिला मशीनवर. तिने शिवलेल्या कॉलरी घालून हजारो मुलं शाळेत गेली असतील. तिच्या एकाही कॉलरीचा फोटो आमच्या ग्रुपवर आलेला मला आठवत नाही. तिला कोणी कलाकार म्हटलेलं आठवत नाही. मीही नाही. जो टाका माझ्या हातून पडला की 'वाह' होती, तोच तिच्या हातून पडला की रोजचं काम होतं. आणि तिचा टाका माझ्यापेक्षा कितीतरी सरळ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला चार दिवस राहायला बोलावलं. गणवेशाचा हंगाम जूनच्या आधी असतो, तेव्हा तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीत जरा निवांत. मी बाजारातून कापड आणून ठेवलं होतं, मेंदी रंगाचं मऊ सुती. तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "यातून तुझा ड्रेस शीव. माझ्या मशीनवर."

"माझे आहेत की," ती म्हणाली.

"स्वतः शिवलेले?"

ती हसली. "वेळ कुणाला आहे? तयार घेते दोनशेचे."

मला हे माहीत नव्हतं. दिवसभर कपडे शिवणारी माझी बहीण स्वतःसाठी तयार कपडे विकत घेते! लहानपणीच्या माझ्या सेफ्टी पिनांची गोष्ट मी रंगवून सांगतो, आणि तिच्या अंगावर काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं.

ती मशीनवर बसली. अब्बांच्या मशीनवर कितीतरी वर्षांनी. तेल घातलं, पट्टा चाचपला, बॉबिनमधला कचरा सुईने काढला, "मास्तर, साफ ठेवत जा" असं मला ऐकवलं. मग पाय चालू झाला. मी घरात इतक्या वेगाने ती मशीन चाललेली फक्त चाँदरातीला ऐकली होती. पाऊण तासात बाजू लागल्या, खांदे लागले. ती घड्याळाकडे बघत होती.

"आपा," मी म्हटलं, "घाई काय आहे? कोणी न्यायला येणार नाही."

तिचा पाय थांबला. ती म्हणाली, "हळू शिवायला मला कुठे येतं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. माझ्या मुलीने तिच्या भरतकामाच्या डब्यातला रेशमी दोरा आणून फूफूसमोर ठेवला. ती शाळेत साखळी टाका शिकली होती. "फूफू, गळ्याभोवती करायचं का?" आपाने दोरा बोटावर गुंडाळून पाहिला. हाताच्या कामाला गणवेशात जागा नसते. त्याचा दर कोण देणार? लहानपणी अम्मीकडून शिकलेला टाका तिला आठवत होता. दोघी संध्याकाळभर गळ्याभोवती पानं काढत बसल्या. आपाने दोन पानं उसवली आणि पुन्हा काढली. कोणी सांगितलं नव्हतं, तिलाच ती आवडली नव्हती. दुसऱ्या दिवशीही काम पुरं झालं नाही. जाताना तिने तो ड्रेस तसाच अर्धा, सुई टोचलेला, पिशवीत घालून नेला.

आता मी फोटो टाकतो तेव्हा खाली लिहितो, 'शिकवणारी: आपा.' त्याने तिच्या दरात एक पैशाचाही फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या हौसेने तिचं देणं फिटेल असंही मी समजत नाही. एवढंच की आता कोणी बाही धरून विचारलं, "पगार पुरत नाही का?" तर मी हसण्यावारी नेत नाही. सांगतो, पगार पुरतो, म्हणूनच शिवतो. आणि ज्यांच्या टाक्यांवर तो पगार उभा आहे त्यांचीही गोष्ट सांगतो, ऐकणाऱ्याला वेळ असेल तर.

परवा आपाला फोन केला होता. गठ्ठ्यांचं, गुडघ्यांचं, सगळं बोलून झालं. शेवटी विचारलं, "मेंदी रंगाचा झाला का पुरा?"

"नाही अजून," ती म्हणाली. "काय घाई आहे?"